अंधारातला दिवाणजी

बॉनेट उघडलं की बॅटरीच्या शेजारी, एअर फिल्टरच्या पाइपाखाली तो दिसतो. अ‍ॅल्युमिनियमचा चपटा डबा, दोन तळहातांत मावेल एवढा. पाठीवर उष्णता बाहेर पडावी म्हणून उभ्या कडा. एका अंगाने वायरिंगचा मनगटाएवढा जाड जुडगा कपलरमधून त्याच्यात शिरलेला. कंपनीच्या पुस्तकात त्याचं नाव इंजिन कंट्रोल मोड्यूल. गॅरेजमध्ये ईसीएम. आणि आमच्या वर्ध्याकडे नुसता ‘डबा’. गाडी चालू होईना, स्कॅनर काही सांगेना, की मिस्त्री हात पुसत म्हणतो, ‘‘डबा गेला भाऊ.’’

माझ्या गाडीच्या डब्यावर हा आळ तीनदा आला. दोनदा खोटा, एकदा खरा. गाडी २००८ सालची, पेट्रोलवर चालणारी, एमएच ३२ पासिंगची. तोवर मी तिचं तेल, पाणी आणि टायरची हवा एवढंच बघत होतो. ज्याच्या हातात सगळा कारभार, त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं.

हिंगणघाटकडच्या जिनिंगमध्ये पूर्वी जो दिवाणजी असायचा, तो कापसाला क्वचितच हात लावायचा. त्याच्या खोलीत चिठ्ठ्या येत. गाड्या किती आल्या, वजन किती भरलं, ओल किती, सरकी किती निघाली. चिठ्ठ्यांवरून तो हुकूम सोडी आणि त्या हुकमावर आख्खी जिनिंग चाले. डब्याचं तसंच आहे. त्याला इंजिन दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, पेट्रोलचा वास येत नाही. तो बंद अंधारात बसून चिठ्ठ्या वाचतो, आणि सगळ्या चिठ्ठ्या एकाच भाषेत असतात: व्होल्ट. इंजिनाचं पाणी थंड असलं की एका वायरवर व्होल्ट जास्त, पाणी तापलं की कमी. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला, व्होल्ट वाढला. पिस्टन कुठपर्यंत आला हेही तो मोजूनच ओळखतो. पुष्कळ गाड्यांत क्रँकबरोबर फिरणारी एक दातेरी चकती असते. तिच्यावर ६० दातांची जागा, पण दात ५८. दोन मुद्दाम गाळलेले. मोजता मोजता ती मोकळी जागा समोरून गेली की त्याला कळतं, फेरा पुरा झाला.

आणि हे तो केवढ्या वेगात करतो! चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असताना सेकंदाला १०० वेळा पेट्रोलचा फवारा लागतो. प्रत्येक फवाऱ्याला इंजेक्टर काही हजारांश सेकंद उघडायचा आणि मिटायचा, प्रत्येक फवाऱ्यामागे एक ठिणगी, आणि ती नेमक्या अंशावर. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हे वजनाचं प्रमाण सांभाळायचं. धुराच्या पाइपात बसलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला मागाहून कळवतो की मिश्रण घट्ट झालं की पातळ, आणि तो लगेच पुढचा हप्ता सुधारतो. वर्ध्याहून आर्वीला जाईपर्यंत हा जमाखर्च लाखो वेळा होतो आणि आपण गाडीत बसून तुरीच्या भावाबद्दल बोलत असतो.

त्याच्या स्वभावातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एखादी चिठ्ठी आलीच नाही तर तो काम टाकून उठत नाही. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मेला तर तो स्वतःशी एक तापमान धरून चालतो, रेडिएटरचा पंखा सतत फिरता ठेवतो, समोरचा पिवळा दिवा लावतो आणि गाडी घरी पोचवतो. पिकअप मरतो, पेट्रोल जास्त जातं, पण तुम्हाला तो रानात सोडत नाही. शिवाय बिघाड झाला त्या घडीची नोंद करून ठेवतो: तेव्हा वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, पाणी किती तापलं होतं. असा जबाब माणूससुद्धा देत नाही. जुन्या गाडीचं इंजिन जसं झिजतं तसा तो आपला हिशेब हळूहळू बदलत जातो. बॅटरी काढली की हे शिकलेलं बहुधा पुसलं जातं. मग दोन-चार दिवस गाडी सिग्नलवर वरखाली होते, तो पुन्हा ओळख करून घेत असतो.

कार्बोरेटरच्या काळात हे काम पेचकस करायचा. मिस्त्री कान लावून ऐकायचा, पाव आटा फिरवायचा, पुन्हा ऐकायचा. त्या हातांबद्दल मला आजही आदर आहे. पण धुराचे नियम कडक होत गेले आणि कानाला ऐकू न येणारं मोजणं भाग पडलं. ठिणगी आणि इंधन या दोन्हींचा कारभार एकाच डब्याकडे सोपवणारी बॉश कंपनीची मोट्रॉनिक ही प्रणाली १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या गाडीत आली. आपल्याकडे २००० सालच्या नियमांनंतर पेट्रोल गाड्यांमधून कार्बोरेटर भराभर गेला. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर लागू झालं, आणि आता नव्या मोटारसायकलमध्येही याचा धाकटा भाऊ बसलेला असतो. म्हणजे डबा हा आता मोठ्या गाडीवाल्यांचाच प्रश्न राहिलेला नाही. देवळीहून भाजी आणणाऱ्याचाही तो आहे.

पहिला आळ दिवाळीच्या सुमारास आला. सोयाबीन निघालं होतं, पोती ओसरीत रचलेली, गाडी ओसरीला लागून उभी. सकाळी सेल्फ मारला तर गाडी तीन सिलिंडरवर थरथरत चालू झाली. स्कॅनरवर कोड आला पी०२०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सर्किट. इंजेक्टर बदलून पाहिला, फरक नाही. मग निदान झालं की डब्यातला तिसऱ्या इंजेक्टरला हुकूम देणारा भागच जळला असणार. प्रत्यक्षात काय होतं? पोत्यांपाशी आलेले उंदीर रात्री इंजिनाच्या उबेला जाऊन बसत होते. वायरिंगवरची टेप दोन वीत सोलल्यावर आत तिसऱ्या इंजेक्टरची वायर कुरतडलेली सापडली, एका तारेवर लोंबत असलेली. दिवाणजीने हुकूम दिला होता. हुकूम वाटेत मेला होता.

दुसऱ्या वेळी तर एकदम सहा कोड आले. पाण्याचा सेन्सर, हवेचा सेन्सर, थ्रॉटल, आणखी काही. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. इतकी माणसं एकाच दिवशी आजारी पडली तर आपण विहिरीचं पाणी तपासतो. इथेही तेच करायचं होतं. बॅटरीपासून इंजिनाकडे जाणारी अर्थची पट्टी बोल्टखाली गंजली होती. सेल्फ फिरत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवलं, तर दीड व्होल्टच्या वर आकडा. डबा तर व्होल्टचे अंश मोजून संसार करणारा. त्याच्या पायाखालची जमीनच दीड व्होल्ट हलत होती. पॉलिश पेपरने बोल्ट आणि पट्टी घासली, आवळली, सहाही कोड गेले. खर्च पॉलिश पेपरचा.

तिसरी वेळ नवतपातली. पारा ४५च्या वर होता. आईला सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात तपासणीसाठी नेत होतो. ठरलेली वेळ होती म्हणून दुपारीच निघालो. अर्ध्या वाटेत गाडीने काहीही न सांगता प्राण सोडला. झटका नाही, खोकणं नाही. चालता चालता शांत. चावी फिरवली तर सेल्फ जोरात फिरे, पण इंजिन धरेना. आईला कडुनिंबाखाली बसवलं, ऑटो मिळेपर्यंत तिच्या डोक्यावर ओला दुपट्टा धरला. ती काही बोलली नाही. त्या शांततेचं मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी गाडी आणायला गेलो तर पहिल्या सेल्फला चालू.

पुढचे आठ दिवस हाच खेळ. दुपारी मरायची, रात्री उठायची. एका वर्कशॉपने नवा डबा टाका म्हणून सांगितलं. त्याची किंमत ऐकली तेव्हा गाडी विकून जे आलं असतं त्याच्या निम्म्याच्या आसपास निघाली. कुणी म्हणालं भंगारातून त्याच मॉडेलचा डबा आणा. पण डबा आपल्या चावीला ओळखतो. चावीच्या मुठीतल्या चिपची खूण त्याच्या आठ पायांच्या एका छोट्या मेमरीत लिहिलेली असते. दुसऱ्या घरचा डबा आणून बसवला तर तो तुमच्या चावीला परकी समजतो आणि गाडी चालू होऊ देत नाही. ती ओळख नव्याने लिहून घ्यावी लागते.

शेवटी गावातल्या एका काकांकडे गेलो. पूर्वी रेडिओ, मग टीव्ही दुरुस्त करायचे. दुकान दहा बाय दहाचं, टेबलावर भिंगाचा दिवा, कथलाच्या धुराचा वास. त्यांचं नाव लिहू नका असं त्यांनी मला बजावलं आहे.

‘‘काका, डबा गेला म्हणतात.’’

‘‘सर, डब्यावर संशय सगळ्यात शेवटी. आधी त्याले जेवाले भेटते का ते पाहू.’’

त्यांनी मला आधी चावी फक्त ऑन करायला लावली. ‘‘इंजिनाचा पिवळा दिवा लागला का?’’ गाडी थंड असताना तो लागत होता. मग उन्हात इंजिन तापवून, गाडी मेल्यावर पुन्हा तेच केलं. दिवा लागला नाही. आमच्या गाडीत तो दिवा डबाच लावतो. दिवा नाही म्हणजे डबा जागाच नाही. स्कॅनर जोडला तर तोही हाका मारून थकला. आठ दिवस मी बॉनेटमध्ये डोकं घालत होतो आणि खूण समोर मीटरवर होती.

आता प्रश्न असा की तो झोपला की त्याला उपाशी ठेवलं. काकांनी मीटर बाजूला सारून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला. वायरमधली एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात. कुजलेली वायर तिथे उघडी पडते. डब्याच्या कपलरवर बॅटरीची लाइन, चावीची लाइन आणि अर्थ, तिन्हींवर बल्ब लख्ख लागला. जेवण वेळेवर पोचत होतं.

मग ते आले पाच व्होल्टवर. डबा बाहेरून १२ व्होल्ट घेतो, आत त्याचे स्वच्छ ५ व्होल्ट करतो. त्यावर त्याचा मेंदू चालतो आणि त्यातूनच सेन्सरनाही वाटा जातो. तापलेल्या गाडीत सेन्सरच्या कपलरवर मोजले तर शून्य. इथे घाईचा माणूस ‘डबा गेला’ म्हणून मोकळा होतो. काका झाले नाहीत. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो एकटा सगळ्यांचे पाच व्होल्ट गिळून बसतो. म्हणून त्यांनी एकेक सेन्सर सोडवला आणि प्रत्येक वेळी मीटर पाहिला. सगळे सोडवून झाले. आकडा शून्यच.

‘‘आता मात्र याच्या पोटात दुखून राहिलं,’’ काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. घरातल्या माणसाला भरती करावं लागतं तेव्हा माणूस बोलतो तसे बोलले.

बॅटरी सोडवून डबा काढला. झाकण सिलिकॉनने चिकटवलेलं असतं, ते गरम हवेने मऊ करत पातळ पात्याने तासभर कापलं. आत हिरवी पट्टी, तिच्यावर पारदर्शक वार्निश, ओळीने काळे किडे. इतकी वर्षं ज्याच्या भरवशावर घरच्यांना घेऊन फिरलो, त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टेबलावरच त्याला १२ व्होल्ट दिले. ५ व्होल्ट हजर. केस वाळवायच्या मशीनची गरम हवा सोडली. चार-पाच मिनिटं झाली आणि मीटरवरचा पाचाचा आकडा थरथरला, तीन झाला, शून्य झाला. काकांनी बांबूची काडी घेतली आणि एकेका भागाला हलकेच दाबत गेले. कंडेन्सर, काही नाही. कॉइल, काही नाही. जिथे बाराचे पाच होतात त्या रेग्युलेटरच्या पायावर काडी टेकली आणि आकडा टपकन पाचावर आला. काडी उचलली, शून्य. टेकली, पाच.

‘‘या, पाहून घ्या.’’ त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. रेग्युलेटरचा पाय कथलात रोवलेला होता, आणि पायाभोवती केसापेक्षा बारीक एक काळं कडं होतं. चंद्राला पडतं तसं खळं. कथील फुटलं होतं. तांब्याचा पाय, कथील आणि ती पट्टी, तिन्ही तापल्यावर सारखी फुगत नाहीत. त्यात रेग्युलेटर स्वतःच गरम होणारा, वर इंजिनाची उष्णता, वरून विदर्भाचा उन्हाळा, आणि खालून रस्त्याचे हादरे. वर्षानुवर्षं दिवसातून दोनदा तापायचं आणि निवायचं. थंडीत ती फट मिटे, उन्हात उघडे. म्हणून गाडी दुपारी मरायची.

काकांनी वार्निश खरवडलं, फ्लक्स लावला, जुनं कथील तांब्याच्या जाळीने टिपून घेतलं आणि ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं असलेली तार लावली. ही तार १८३ अंशांना एकदम पाणी होते आणि एकदम गोठते, मधली लगद्याची अवस्था तिला नसते. त्यामुळे जोड निर्मळ बसतो. पाय चांदीसारखा चमकला. शेजारचे संशयित पायही त्यांनी नव्याने भरले. पुन्हा गरम हवा, या वेळी अर्धा तास. आकडा पाचावरून हलला नाही. मग वार्निश, झाकणाला सिलिकॉन, आणि रात्रभर वाळवण. तोच डबा, तीच चावी, तीच ओळख. मजुरी त्यांनी एवढी कमी सांगितली की मी दुप्पट ठेवून आलो, आणि त्यांनी मुलाला पाठवून उरलेले परत केले.

प्रत्येक डबा असा उठत नाही. पाणी आत शिरून पट्टीवरचं तांबं हिरवं होऊन झडलं असेल, किंवा प्रोसेसरच मेला असेल, तर नवा घ्यावा लागतो. पण नवा बसवण्याआधी जुना का मेला ते शोधायलाच हवं. शॉर्ट झालेल्या इग्निशन कॉइलने त्याचा आतला भाग जाळला असेल आणि कॉइल तशीच ठेवली, तर नवा डबाही त्याच वाटेने जातो. मी असे दोन डबे काकांच्या टेबलावर शेजारी शेजारी पाहिले आहेत, एकाच गाडीचे.

आम्ही वर्ध्याची माणसं म्हणून मला चरख्याच्या स्पर्धेची आठवण होते. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटींमध्ये सुताचं माप होतं, किंमत १५० रुपयांच्या आत हवी होती. आणि मला मोलाची वाटते ती अट अशी की यंत्र किमान २० वर्षं चालावं आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. यंत्र टिकाऊ आणि स्वस्तात दुरुस्त होण्याजोगं असावं, हे तेव्हा कागदावर लिहिलेलं आहे. आज डब्यावर झाकण चिकटवलेलं असतं, आतला नकाशा बाहेर कुणाला मिळत नाही, आणि काकांसारखी माणसं एकेक पाय मोजून तो नकाशा स्वतःच्या वहीत काढतात. मी ती वही पाहिली आहे. शाळेची दोनशे पानी, निळ्या-लाल रिफिलने भरलेली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारगाड्याही घेतल्या. त्या वहीतली माहिती अधिकृतपणे अशा दुकानांपर्यंत पोचली पाहिजे, हे मी तरी हक्काने मागतो.

गाडीने त्यानंतर तीन नवतपे काढले. आई आता मागच्या सीटवर बसताना बॉनेटकडे बघून ‘‘बरा आहे ना तो?’’ असं विचारते.

तुमच्याही गाडीत तो आहे. इंजिन धुवून घेताना त्याच्या कपलरवर पाण्याचा जोरदार फवारा मारू देऊ नका. दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना प्लस-मायनस दोनदा पाहा. बंपरला किंवा चेसिसला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची मायनसची वायर आधी काढायला सांगा. आणि कुणी ‘डबा गेला’ म्हणालं, तर चावी ऑन करून पिवळा दिवा लागतो का आणि सेन्सरच्या कपलरवर पाच व्होल्ट येतात का, एवढं तुमच्या समोर मोजून दाखवायला लावा.